गवताखालचं गाव आणि आमची कॉलनी

आधी आमच्या कॉलनीचं सांगते, म्हणजे पुढची गंमत नीट कळेल. तुम्ही दोघींनी ती पाहिली आहे, पण धाकटीला त्यातली फक्त पाण्याची टाकी आणि टाकीखाली झोपणारी कुत्री आठवते. पुण्यात, तेव्हा गावाबाहेर समजल्या जाणाऱ्या बाजूला, तुमच्या आजोबांसारख्या नोकरदार माणसांनी एकत्र येऊन दोन मजली इमारती बांधल्या. मधे मैदान ठेवलं. पत्त्यात तिचं लांबलचक नाव आहे, पण ते फक्त पोस्टमनला माहीत. बाकी सगळे नुसतं कॉलनी म्हणतात. तुमची आई तिथेच वाढली. मैदानात खडूने कोर्ट आखून बॅडमिंटन खेळली, कोजागिरीला मोठ्या पातेल्यातलं दूध ढवळायचं काम तिच्याकडे असायचं.

गेल्या वर्षी ठरलं की कॉलनी पाडायची आणि त्या जागी उंच इमारत बांधायची. याला पुनर्विकास म्हणतात. प्रत्येक घराने कळवायचं होतं की नव्या इमारतीत एका बेडरूमचं घर हवं की शेजारची जागा जोडून तीन बेडरूमचं. शेजारपाजारच्यांनी कळवून टाकलं. मी सेक्रेटरींना म्हटलं, मुलीकडे आयर्लंडला चाललेच आहे, तिला विचारून सांगते.

तीन बेडरूमचा हिशेब तुमच्या आजोबांचा होता. एक आम्हा दोघांची, एक तुमच्या आईबाबांची आणि एक तुम्हा बहिणींची, तुम्ही परत याल तेव्हा. निघताना तुमची आई म्हणाली होती, पाच वर्षं. नंतर म्हणाली, थोरलीची शाळा आत्ताच सुरू झाली आहे, थोडं थांबू. मग आजोबा गेले. खोल्या मात्र माझ्या डोक्यात तीनच राहिल्या.

तर मलिंगारला तुमच्या घरी मी एक प्रश्न घेऊन आले होते, 'तुम्ही परत येणार का?' जन्मभर मुलांच्या तोंडी परीक्षा घेतलेली बाई मी, मला प्रश्न विचारायची भीती नाही. पण सकाळी तुमच्या डब्यांची घाई, दिवसभर वरच्या खोलीत तुमच्या आईच्या मीटिंगा, संध्याकाळी बाबा रुग्णालयातून दमून आलेले. प्रश्न रोज जिभेवर यायचा आणि मी विचारायचे, "भाजीला काय करू?" सेक्रेटरींचे मेसेज येत होते. आधी 'वहिनी, कशा आहात?', मग 'वहिनी, निर्णय?' आणि शेवटी नुसतं 'वहिनी'.

त्या शनिवारी बाबांची ड्यूटी होती. आदल्या दिवशी ते मला विचारत होते, "आई, तुम्हाला काय बघायचंय? गॉलवेला नेतो. समुद्र आहे, कॅफे आहेत, स्वच्छतागृहं चांगली आहेत." त्यांच्या दृष्टीने प्रेक्षणीय स्थळाची ही पूर्ण व्याख्या होती. मी म्हटलं, मला इथून जवळच एक गाव बघायचंय, जे आता नाही.

त्यामागचं कारण सांगते. कॉलेजात मी इतिहास शिकवायचे, आणि त्यात ग्रीक वसाहतींचा भाग माझ्या फार आवडीचा. गावात माणसं जास्त झाली, जमीन अपुरी पडली, की काही लोक जहाजात बसून निघायचे आणि परक्या किनाऱ्यावर नवं गाव वसवायचे. निघताना आपल्या गावच्या चुलीतला विस्तव बरोबर न्यायचे. नकाशावर पट्टी टेकवून मी हे वर्षानुवर्षं शिकवलं आणि त्यातली एकही वसाहत डोळ्यांनी पाहिली नाही. तिकडे जायचा आमचा बेत दोनदा ठरला आणि आजोबांच्या तब्येतीमुळे दोनदा मोडला. मलिंगारच्या वाचनालयात बसून मी तुमच्या भागाबद्दलचं एक पुस्तक चाळत होते, त्यात वाचलं की जवळच एक असंच गाव होतं. आठशे वर्षांपूर्वी नॉर्मन लोक समुद्र ओलांडून आले, त्यांनी मातीची टेकडी रचली, तिच्यावर गढी बांधली, खाली देऊळ म्हणजे चर्च, एक रस्ता आणि दोन्ही बाजूंना घरं. काही पिढ्या राहिले. मग गाव ओस पडलं. हे ग्रीक नव्हेत, पण जात तीच.

"तिथे काही नाहीये, आई," बाबा म्हणाले. "मी मॅपवर बघितलं. नुसता हिरवा रंग आहे."

"हिरवा रंग बघू," तुमची आई म्हणाली. "मी नेते."

रस्ता इतका अरुंद होता की मधोमध गवत उगवलं होतं आणि दोन्ही बाजूंची झुडपं पांढऱ्या फुलांनी गाडीच्या काचा पुसत होती. शेताचं लोखंडी फाटक निळ्या दोरीने बांधलेलं. तुमच्या आईने ती गाठ सोडली आणि आपण आत गेल्यावर तशीच परत बांधली. आत कुंपणापाशी तरुण बैलांचा कळप होता. आपण चालायला लागलो की तेही चालायचे, आपण थांबलो की थांबायचे. मी थोरलीचा हात घट्ट धरला. ती म्हणाली, "दे आर ओन्ली नोझी, आजी. यू आर ग्रँड." तुमच्याकडे ग्रँड म्हणजे भव्य नव्हे, नुसतं 'ठीक', हे मला तोवर कळलं होतं. तरी बरं वाटलं.

बाबांचं खरं होतं. तिथे काही नव्हतं. एक झाडं वाढलेली टेकडी, चर्चची एक उभी भिंत, तिच्यावर आयव्हीचा वेल. बाकी गवत.

"व्हेअर इज द टाउन?" थोरलीने विचारलं.

मीही तेच शोधत होते. पुस्तकातल्या चित्रांमुळे माझ्या मनात खांब होते, पायऱ्या होत्या. आपण चालत राहिलो आणि माझा पाय एका खळग्यात गेला. तेवढ्यात ढग सरकले, तिरपं ऊन आलं आणि गवतावर सावल्या पडल्या. सगळ्या सावल्या सरळ रेषेत होत्या. पायाखालचा खळगा म्हणजे रस्ता होता, आणि दोन्ही बाजूंचे चौकोनी उंचवटे म्हणजे घरांची जोती. मी तुम्हाला ओरडून दाखवलं. धाकटीने लगेच एक चौकोन पकडला आणि जाहीर केलं, "धिस इज माय किचन." थोरलीने समोरचा घेतला. घरं लहान होती. आपल्या हॉलएवढं एकेक घर.

मी त्या रस्त्याच्या मधोमध उभी होते तेव्हा थोरली म्हणाली, "आजी, युअर मॅन इज कमिंग."

मी म्हटलं, "माझा माणूस? अगं, तो जाऊन दोन वर्षं झाली."

तुमच्या आईला हसावं की रडावं कळेना. युअर मॅन म्हणजे 'तो बघ तो माणूस', असं तिने मला सांगितलं तोवर तो माणूस जवळ आलाच होता. शेताचे मालक. माझ्याच वयाचे, हातात काठी, मागे काळापांढरा कुत्रा. बोलणं इतकं भरभर की निम्मं मला थोरलीने कानात सांगितलं.

"बघण्यासारखं काही नाही, पण बघा," ते म्हणाले. "फाटक बांधलंत ना?"

मी सांगितलं की मी इतिहासाची शिक्षिका, ही जुनी कॉलनी बघायला मुद्दाम आले.

"कॉलनी." त्यांनी काठीने एका जोत्याला टोचलं. "बरोबर शब्द वापरलात, बाईसाहेब. हे पहिले आले. मग त्यांच्यामागून बाकीचे आले, ते शेकडो वर्षं हललेच नाहीत."

समोरच्याने आपलं काही सांगितलं की आपणही आपलं थोडं सांगावं, ही आपली रीत. मी म्हटलं, "मी तर सगळा संसार कॉलनीत केला. अजून तिथेच राहते."

"अजून?"

"हो. फार सुखाचे दिवस. सगळे एकमेकांना धरून असतात."

ते कुत्र्याकडे बघायला लागले. "पण मला वाटलं, तुम्हाला स्वातंत्र्य मिळालं."

"ते कधीच मिळालं! पण कॉलनी राहिली ना."

"आणि कुणाची काही तक्रार नाही?"

"मधे पाण्यावरून जरा झालं होतं. पण आमचे सेक्रेटरी कडक आहेत. कुणी आवाज चढवला की लगेच नोटीस लावतात. माणूस मात्र सज्जन."

"सेक्रेटरी," ते कुत्र्याला म्हणाले. "ऐकलंस?"

"आजी, स्टॉप!" थोरली मटकन गवतात बसली आणि पोट धरून हसायला लागली. "ही थिंक्स यू लाइक द ब्रिटिश!" मग तिनेच त्यांना समजावलं की आजी ज्याला कॉलनी म्हणते ती म्हणजे हाउसिंग इस्टेट, आम्ही मलिंगारला राहतो तशी.

ते गृहस्थ इतके हसले की त्यांना काठीवर रेलावं लागलं. "इस्टेट! देवा रे. मी म्हटलं, ही एकटीच उरली आहे बिचारी, हिला कुणी कळवलंच नाही."

मला हसू आलं ते वेगळ्याच कारणाने. तुमच्या आईने घर घेतलं तेव्हा फोनवर सांगितलं होतं की आम्ही इस्टेटमध्ये राहायला गेलो. मी ते कॉलनीत जसंच्या तसं सांगितलं. आपल्याकडे इस्टेट म्हणजे जमीनजुमला. सगळ्या बायका माझ्याकडे आदराने बघायला लागल्या होत्या आणि मीही त्यांना अडवलं नव्हतं.

आता त्या गृहस्थांची भीड चेपली. म्हणाले, "इथे बाहेरून आलेल्याला ब्लो-इन म्हणतात. वाऱ्याने उडून आलेला. माझी बायको शेजारच्या परगण्यातली. चाळीस वर्षं माझ्या चुलीपाशी बसली, तरी ब्लो-इनच." मग धाकटीकडे वाकून त्यांनी विचारलं, "आणि तू कुठली गं?"

"मलिंगार," तू म्हणालीस. मी लिहिते तसं नाही, तुझ्या पद्धतीने, शेवटच्या 'गार'वर जोर देऊन.

"अर्थात," ते म्हणाले. एवढंच. त्यांनी पुढे विचारलं नाही की त्याआधी कुठली.

मग ते माझ्याकडे वळले. "तुमची ती इस्टेट छान असणार. शाबूत आहे ना?"

मी सांगितलं की ती पाडणार आहेत आणि नवी बांधणार आहेत.

"मग ही मंडळी नव्या घरी परत येणार असतील."

किती सहज विचारलं त्यांनी. मी तीन आठवडे तोंडात धरून बसलेला प्रश्न एका परक्या माणसाने कुत्र्याचं डोकं खाजवत विचारला. मी तुमच्या आईकडे बघितलं. ती धाकटीच्या जाकिटाची चेन लावत होती, आणि ती चेन आधीच लागलेली होती.

"फॉर द हॉलिडेज," धाकटी म्हणाली. "वुई गो फॉर द हॉलिडेज."

ते गृहस्थ गेले. तुम्ही दोघी आपापल्या घरांत खेळायला लागलात, एकमेकींना गवताचा चहा द्यायला लागलात. मी आणि तुमची आई टेकडीच्या उतारावर बसलो. तिने थर्मास काढला, चटणीचे सँडविच काढले. ते मांडून झाले तरी ती मांडतच होती.

"खरं आहे का ते?" मी विचारलं. "सुट्टीपुरतं?"

"हो."

"कधी ठरलं?"

"बाबा आजारी पडले त्याच्या आधी." बाबा म्हणजे तिचे, तुमचे आजोबा. ती माझ्याकडे बघत नव्हती. "त्यांना सांगणार होते. मग ते आजारी पडले. मग कसं सांगायचं? मग ते गेले. मग तुला कसं सांगायचं?"

मला राग आला. हे तुमच्यापासून लपवत नाही. इतके दिवस मी त्या सेक्रेटरींना थोपवून धरलं, आणि हिला माहीत होतं. मी म्हटलं, "मी कधी म्हटलं होतं, परत याच म्हणून?"

"कधीच नाही म्हणालीस. नुसत्या खोल्या मोजायचीस." मग ती म्हणाली, "आई, तू एक गोष्ट सांगायचीस. ग्रीकांच्या कुठल्या तरी बेटावरचे लोक. वसाहतीत जमेना म्हणून परत आले, तर गावातल्यांनी त्यांना किनाऱ्याला लागू दिलं नाही. दगड मारले. मी लहानपणी किती रडले होते त्या गोष्टीला."

"मग? मी तुला दगड मारणार आहे का?"

"नाही गं. तू आमच्यासाठी खोल्या बांधतेयस. ते जास्त लागतं."

ती गोष्ट मी वर्गात अनेकदा सांगितली होती, ती वसाहतीतल्या लोकांच्या बाजूने. गावात राहिलेल्यांचा विचार करायची मला कधी गरज पडली नव्हती. त्या किनाऱ्यावरही कुणाची तरी आई उभी असणार. तिने दगड उचलला असेल का? की ती नुसती घरी जाऊन जास्तीचं अंथरूण गुंडाळून माळ्यावर टाकत असेल?

खाली तुम्ही भांडत होतात. थोरलीने धाकटीच्या भिंतीवरून उडी मारली होती आणि धाकटी तिला ओरडून सांगत होती की दारातूनच यायचं. दार कुठे आहे हे तिला पक्कं माहीत होतं.

"इकडेच ये ना तू," तुमची आई म्हणाली. "कायमची."

"मला कॉलनीत राहायचंय."

"कॉलनी पाडतायत, आई."

"माणसं नाही ना पाडत. सगळी तिथेच परत येणार आहेत."

"मग मोठं घर घे. आम्ही सुट्टीत येऊ तेव्हा लागेल."

"सुट्टीला गाद्या पुरतात," मी म्हटलं. "वर्षभर तीन खोल्या झाडायच्या कुणी?"

ती हसली नाही. तिने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं, आणि बैलांचा कळप पुन्हा हळूहळू आमच्या दिशेने यायला लागला. पावसाचे थेंब पडायला लागल्यावर आपण निघालो.

घरी येताना गाडीत तुम्ही झोपलात. संध्याकाळी बाबांनी विचारलं, "मग, आई? दिसलं का काही?" मी म्हटलं, रस्ता दिसला, घरं दिसली. त्यांना वाटलं मी चेष्टा करते.

दुसऱ्या दिवशी सकाळी, नाश्त्याच्या वेळी, मी सेक्रेटरींना फोन लावला. तिकडे दुपार होती, पण ते वाटच बघत असल्यासारखे पहिल्या रिंगला बोलले. मी म्हटलं, "एकच बेडरूम."

"एकच? वहिनी, नीट विचार केलात ना? एकदा नकाशा मंजूर झाला की मला बदलता येणार नाही. आणि मुलगी?"

मी उत्तर देणार, इतक्यात तुमच्या आईने हात पुढे केला. ती धुतलेले कप प्रेसमध्ये ठेवत होती. कपाटाला तुम्ही सगळे प्रेस म्हणता, आणि मला दरवेळी इस्त्री आठवते. तिने कप खाली ठेवला आणि फोन घेतला.

"काका, मी बोलतेय. हो, मीच... हो, सगळे बरे आहेत. काका, आम्ही नाही येणार. नाही, पुढच्या वर्षी नाही. तसं नाही, काका. कायमचे येणार नाही."

मला ती टेकडीवर एका शब्दात 'हो' म्हणाली होती. सबंध वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं, तेही दुसऱ्याला सांगताना. ती खिडकीबाहेर बघत होती. मी तिच्या हाताखालचा कप घेऊन पुसला, तो आधीच कोरडा होता.

पलीकडून काका बराच वेळ काहीतरी सांगत राहिले. ती ऐकत होती, मान हलवत होती, डोळे पुसत होती. मग तिचा आवाज बदलला. लहानपणी कोर्टच्या रेघेवरून भांडायची तसा झाला.

"ते मला माहीत नाही, काका. आईचं घर मैदानाच्या बाजूलाच पाहिजे. मागची बाजू तिला नको, तिथे ऊन येत नाही... नाही, जोशीबिशी कुणी आधी सांगितलं असेल तर त्यांना समजवा तुम्ही, तुम्ही सेक्रेटरी आहात ना?... आणि स्वयंपाकघराला खिडकी. मोठी. थांबा, तिला विचारते."

तिने फोनवर हात ठेवला. "आई, चौथा मजला देतायत, मैदान छान दिसेल. की दुसरा?"

"दुसरा," मी म्हटलं. "लिफ्ट बंद पडते."

"अजून बांधलीसुद्धा नाहीये, आई."

"तरी बंद पडणार. दुसरा सांग."